शर्टाची सात बटणं

अप्पा,

आज दुपारी मी एका मुलीवर ओरडले. तशी मी कुणावर फारशी ओरडत नाही. रुग्णांवर तर नाहीच, फार तर घरी आईवर, आणि ती आता ऐकू कमी येतं असं दाखवून मलाच गप्प करते. पण ही मुलगी माझ्या टेबलाच्या खणातून तुमची कात्री काढून कागद कापायला निघाली होती. फाइलमध्ये कागद बसेना, म्हणून त्याची कड उडवायची होती तिला. "त्या कात्रीनं कागद कापायचा नाही," असं मी इतक्या जोरात म्हणाले की पलीकडे लाकडी खुंट्या भोकांत बसवायचा सराव करणारे आजोबा हात वर धरून तसेच थांबले. मग माझं मलाच हसू आलं, कारण तो आवाज माझा नव्हताच. मी आठेक वर्षांची असताना शाळेच्या हस्तकलेसाठी घोटीव कागदाची फुलं कापत बसले होते, ह्याच कात्रीनं. तुम्ही दारातून आत आलात आणि चपला न काढताच तिथून म्हणालात, "कापडाची कात्री हाय ती. कागद कापला की धार मेलीच म्हून समज." मारलं नाहीत. कात्री घेऊन तेलाचं बोट फिरवत बराच वेळ बसलात, आणि माझी फुलं आईनं भाजीच्या विळीवर पूर्ण करून दिली.

ती मुलगी आपल्याच सोलापूरची, पूर्व भागातली. घरात तेलुगू, बाहेर मराठी, मोबाइलवर इंग्रजी. ऑक्युपेशनल थेरपीची डिग्री संपत आली आहे तिची, आणि सुटीला आली की माझ्या सेंटरवर काम बघायला येते. पुढं मास्टर्स कुठं करावं ह्याचा सल्ला हवा होता. तीन ठिकाणांचे कागद आणले होते तिनं. त्यांतल्या एका ठिकाणी अर्जासोबत पानभर लिहून द्यावं लागतं, हा कोर्स मला का करायचा आहे ते. तेवढं वाचून इंग्रजी नीट करून द्याल का, असं तिनं विचारलं. मी चष्मा लावून वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच परिच्छेदात माझा हात थांबला. तिची आई विड्या वळते. मुलीनं लिहिलं होतं की आई अंधाऱ्या खोलीत मान मोडून बसलेली असते, तिची बोटं वाकडी झाली आहेत, आणि तिची ती असहाय नजर बघून मी ह्या क्षेत्राकडे वळले. अप्पा, तो 'असहाय' शब्द मी ओळखला. सतरा वर्षांपूर्वी मी तो तुमच्यासाठी वापरला होता.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, पण मला आता क्रमानं लिहिल्याशिवाय जमत नाही. रुग्णाची हिस्टरी घ्यायची सवय आहे ना. तर तुम्ही कटिंग मास्तर. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात शाळांचे गणवेश शिवले जायचे, तिथं कापडाचे थरावर थर घालून त्यातून एकदम ढीगभर बाह्या, ढीगभर कॉलर कापणारा माणूस. आपल्या सोलापूरचे गणवेश कुठल्या कुठल्या राज्यांत जातात, आणि तुम्ही अभिमानानं सांगायचात की अमुक मुलखातल्या पोरांचे खांदे आपल्या पोरांपेक्षा अर्धा इंच अरुंद असतात. माझी बारावीची परीक्षा झाली त्या मे महिन्यात, शाळा उघडायच्या आधीच्या घाईत, कटिंग मशीनचं पातं तुमच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवरून गेलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. आतल्या दोऱ्या जोडल्यात, आता बघू, असं डॉक्टर म्हणाले. तर्जनी आणि मधलं बोट पुढं कधीच पुरतं वाकलं नाही.

जखम भरल्यावर तुम्हाला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. मी सोबत होते. तिथं पांढऱ्या कोटातल्या एक बाई होत्या. त्यांनी हात बघायच्या आधी विचारलं, "काम काय करता तुम्ही?" तुम्ही खुर्चीत सरळ होऊन बसलात आणि पाऊण तास त्यांना कापडाचे थर कसे घालतात ते सांगितलंत. बाहेर आल्यावर मला म्हणालात, "दवाखान्यात आल्यापास्नं पयल्यांदा कुनीतरी काम इचारलं. बाकीचे नुस्ता हातच बघायलेत." मी ऑक्युपेशनल थेरपी घेतली ती त्या एका वाक्यामुळं. नातेवाइकांना ओटी म्हटलं की ऑपरेशन थिएटरच वाटायचं. तुम्ही मात्र सगळ्यांना नीट समजावून सांगायचात, "मानसाला त्याच्या कामावर परत लावायचं शिक्शन हाय ते." अशी व्याख्या मला पुढं कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

आणि तुम्ही कामावर परत लागलात. सहा महिन्यांत. कॉलरीत घालतात त्या बक्रमची दुहेरी घडी शिवून तुम्ही त्या दोन बोटांना एक टोपण केलंत आणि कापड तळहाताच्या टाचेनं दाबायला शिकलात. कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला आम्हाला हाताला आधार देणारे स्प्लिंट बनवायला लागले तेव्हा माझे कागदी फर्मे सारखे चुकत. सुटीत घरी आल्यावर तुम्ही खाकी कागद पुढं ओढलात, जुनी गंजकी कात्री घेतलीत, कागदाची, आणि माझ्या मनगटाचा फर्मा एका दमात कापून दिलात. "कापायच्या आदी मानसावर धरून बग," म्हणालात. "सगळ्यांचा हात येकसारका नसतोय." वर्गात माझ्या स्प्लिंटचं कौतुक झालं तेव्हा मी फर्मा कुणी कापला ते सांगितलं नाही. ती पहिली वेळ असावी.

इंटर्नशिप संपत आली तेव्हा माझ्यापुढंही तीन ठिकाणं होती. एक मुंबईचं सरकारी कॉलेज, एक दक्षिणेकडचं समुद्रकाठचं, आणि एक परदेशातलं, जिथं अर्ज करायचा होता. घरात एवढे कागद पसरायला जागा नाही म्हणून रविवारी तुम्ही मला कारखान्यात घेऊन गेलात. सगळं बंद, पंखे बंद, नुसता नव्या कापडाचा वास. त्या लांबलचक कटिंग टेबलावर तुम्ही तिन्ही ठिकाणचे कागद ओळीनं मांडलेत आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर कापड दाबायचं लोखंडी वजन ठेवलंत. मग एकेक विचारायला लागलात. पेशंट किती बघायला मिळत्यात? कुठले असत्यात ते, गिरणीतले का हाफिसातले? शिकिवनारे सोता हात लावत्यात का नुस्तं बोलत्यात? मी सांगत होते आणि तुम्ही खडूनं टेबलाच्या कडेला खुणा करत होतात. परदेशातल्या कागदापाशी आल्यावर तुम्ही जरा थांबलात आणि विचारलंत, "तितं मांडी घालून बसत्यात का?"

मी हसले. चांगली खदाखदा हसले. म्हटलं, अप्पा, तिथं बर्फ पडतो, लोक खुर्चीवर बसतात, आंघोळ टबात करतात. तुम्हीही थोडं हसलात, माझ्याबरोबर हसायचं म्हणून. मग म्हणालात, "मग तितलं शिकून हितल्या मानसाला कसं लावशील? आपल्याकडं सगळं भुईवर हाय की. जेवन भुईवर, झोप भुईवर, इडी वळायची भुईवर, भाकरी थापायची भुईवर." आणि बाकीची दोन्ही वजनं उचलून तुम्ही मुंबईच्या कागदावर ठेवलीत. एकावर एक तीन. मी ती तिन्ही काढली आणि परदेशाच्या कागदावर ठेवली. पोरखेळच तो, पण त्या वेळी मला फार हुशारीचा वाटला. तुम्ही रागावला नाहीत. "कापड तुजं हाय," एवढंच म्हणालात आणि टेबलावरच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसल्यात.

मला परदेशातच का जायचं होतं हे मी तुम्हाला तेव्हा कोर्सच्या नावानं सांगितलं. तिथं हातावर विशेष अभ्यास आहे वगैरे. तो होताही. पण खरं म्हणजे माझ्या वर्गातल्या दोघी चालल्या होत्या, आणि मला कुठंतरी जायचं होतं जिथं वडील काय करतात ह्या प्रश्नाचं उत्तर ऐकून कुणी "अच्छा, टेलर" असं म्हणणार नाही. तुम्ही टेलर नव्हतात हे सांगायचा मला कंटाळा आला होता. आज हे लिहिताना स्वतःची लाज वाटते. त्या वेळी वाटत नव्हती.

मग ते पान. एका सीनियर मुलीनं कळवलं होतं की मार्क सगळ्यांनाच असतात, तिथं गोष्ट लागते. माझ्याकडे गोष्ट होती. मी लिहिलं की माझे वडील एक गरीब शिलाई कामगार. यंत्रानं त्यांचा हात नेला. आज त्यांना स्वतःच्या शर्टाचं बटणही लावता येत नाही आणि त्यांच्या डोळ्यांतली असहायता बघत मी मोठी झाले. इंग्रजीत हे सगळं फार छान दिसतं, अप्पा. सायबर कॅफेत मी दोन प्रती छापून घेतल्या. एकीवर लाल पेनानं खुणा करत बसले, दुसरी रेडिओखाली ठेवली आणि विसरले.

दोन दिवसांनी तुम्ही दिवेलागणीला घरी आलात, डबा ठेवलात आणि खिशातून तो कागद काढून माझ्यापुढं ठेवलात. चौपदरी घडी, कापडाची घालावी तशी सरळ. तुम्हाला इंग्रजी वाचता यायचं ते लेबलांपुरतं, साइझ आणि शाळांची नावं. पण त्यात 'फादर' आणि 'सोलापूर' हे दोन शब्द ओळखून तुम्ही तो कागद कारखान्यात नेला होता. "हाफिसातल्या क्लार्कनं वाचून सांगितलं," म्हणालात. मी काहीतरी बोलायला लागले, की असं लिहावं लागतं, तिकडची पद्धत असते. तुम्ही ऐकत होतात की नाही कोण जाणे. उभ्याउभ्याच तुम्ही शर्टाची बटणं काढायला लागलात. मला वाटलं कपडे बदलताय. सगळी काढून झाली, आतली बंडी दिसायला लागली, आणि मग तुम्ही खालून वर एकेक बटण लावायला घेतलंत. अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात बटण धरायचं, वाकत नाही त्या बोटाच्या पेरानं मागून ढकलायचं, उजव्या हातानं काज पुढं आणायचं. ही तुमची युक्ती मी कितीदा बघितली होती आणि एकदाही बघितली नव्हती.

आई तेव्हा शेंगाची चटणी कुटत होती. कुटणं थांबवून ती दारात आली, हातात मुसळ तसंच. "एन माडाकत्तीरी?" तिनं तिच्या कानडीत विचारलं, म्हणजे काय करायलाय. तुम्ही बटणं लावत राहिलात. सात बटणं होती. मी मोजली, कारण दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. गळ्याचं शेवटचं बटण तुम्ही एरवी कधी लावत नसायचात. त्याला वेळ लागला, दोनदा सुटलं, कपाळावर घाम आला. ते लागल्यावर तुम्ही दोन्ही हात खाली सोडलेत आणि म्हणालात, "हे बी लिव की."

तेवढंच. मग आईला म्हणालात "चहा कोड", चहा दे म्हणून, आणि मोरीत जाऊन तोंड धुतलंत.

अर्ज जायला अजून दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी सायबर कॅफेत गेले. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "लिवलंस का?" मी म्हणाले, हो. "बटनाचं?" हो. मग तुम्हाला त्यात रस वाटायला लागला. "बक्रमचं टोपन केल्तं, त्ये?" ते पण, म्हटलं. "बग की," तुम्ही आईला म्हणालात, "बक्रम इलायतेला चाललं आपलं." त्या दिवशी तुम्ही जेवताना दोन कडक भाकरी जास्त खाल्ल्या आणि कारखान्यातली एक लांबलचक गंमत सांगितलीत, एका शाळेच्या सगळ्या पँटी डाव्या पायाच्याच कापल्या गेल्याची.

मला प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही कात्री बक्रममध्ये गुंडाळून दिलीत. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही काय वापराल? कापणारा माणूस आपली कात्री दुसऱ्याच्या हातात देत नाही, हे आम्ही घरात लहानपणापासून ऐकलेलं. तुम्ही म्हणालात, "मला कारखान्यात हाय. तुला तितलं पाटे कापाया लागतील, बारकं बारकं." स्प्लिंटच्या पत्र्याला तुम्ही पाटे म्हणायचात. "निस्ता कागद कापू नको." मी ती मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवली.

तिथं पहिल्याच आठवड्यात आमच्या प्राध्यापक बाईंनी मला खोलीत बोलावलं. अर्जातलं पान त्यांनी लक्षात ठेवलं होतं. चांगल्या होत्या त्या, खऱ्याच चांगल्या. त्यांनी विचारलं, तुझे वडील आता दिवसभर काय करतात, त्यांना काय करायला आवडतं? त्या व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीतल्या बाईंचाच प्रश्न, समुद्र ओलांडून. मला सांगता आलं असतं की ते ह्या क्षणी बाह्यांचे थर घालत असतील. मी म्हणाले, ते घरीच असतात. बाईंनी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी ठेवू दिला.

दर रविवारी फोनवर तुम्ही विचारायचात, "मग, बसत्यात का मांडी घालून?" तुमची ती थट्टा झाली होती. मीही म्हणायचे, अजून एकही सापडला नाही. पुढचा मे यायच्या आत तुम्ही गेलात, कारखान्यातून घरी आल्यावर, खुर्चीत चप्पल काढता काढता. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. आईनं मला कशाबद्दलही बोल लावला नाही. माझी बॅग आत नेऊन ठेवली आणि ताट वाढलं.

तुमच्याबरोबर तीस वर्षं थर घातलेले चाचा त्या दिवशी भेटायला आले. माझ्याशी बोलताना ते तुमच्यासारखंच खाली बघत होते. तेव्हा मला कळलं की तो कागद तुम्ही क्लार्कला एकट्याला नव्हता दाखवला. जेवणाच्या सुटीत, सगळे डबे उघडून बसले असताना, "पोरीनं माज्यावर लिवलंय, वाच की मोट्यानं" असं म्हणून तुम्ही तो क्लार्कच्या हातात दिला होता. तो एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेला. "बटन तक आया तो मैंच बोला, बस कर रे," चाचा म्हणाले. "सबके हात रुक गये थे, बेटी. मास्तर डब्बा बंद करे और मशीन पे गये." मग त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून पुढचं सांगितलं. "लेकिन दो दिन बाद आके सबको बोले, मेरी बच्ची ने बदल के लिखी, बटन का लिखी, बक्रम का लिखी बोलके. पूरे खाते को चाय पिलाये." मी मान हलवली. चाचांनी तोंडभर दुवा दिली आणि गेले.

कोर्स पूर्ण करून मी परत आले ती इथंच राहिले. लोकांना वाटतं आईसाठी. तेही खरं आहे. सुरुवातीला मी सेंटरवर तिकडचंच शिकवायचे. मोडनिंबचे एक शेतकरी होते, अर्धांगवायू झालेले. मी त्यांना तीन आठवडे खुर्चीत बसून धोतर कसं नेसायचं आणि खुर्चीतून उठायचं कसं ते शिकवलं, इतकं छान जमलं की मला माझाच अभिमान वाटला. घरी सोडताना त्यांची बायको म्हणाली, "बाई, आमच्यात खुर्ची येकच हाय, ती पावन्याला लागती. ह्यांना भुईवरनं उटाया शिकवलं असतं तर लई बरं झालं असतं बगा." मी त्या दिवशी सेंटरची सतरंजी अंथरली आणि स्वतः मांडी घालून बसले. तेव्हापासून आमचं निम्मं काम सतरंजीवर चालतं. भुईवरून एका हातानं उठायच्या चार पद्धती मी बसवल्या आहेत, बाहेरगावचे लोक बघायला येतात. तुमचा प्रश्न मी त्यांना सांगते आणि ते हसतात, कौतुकानं. कुणी विचारला असं विचारलं तर सांगते, माझ्या वडिलांनी. तेवढं मी करते.

आज त्या मुलीशी मी आधी कोर्सबद्दलच बोलले. तिन्ही कागद टेबलावर मांडले आणि तुमचेच प्रश्न विचारले, पेशंट कुठले, शिकवणारे हात लावतात का. तिनं वहीत लिहून घेतलं. मग ते पान पुढं ओढून मी विचारलं, "तुझी आई काय काय करते, ते ह्यात का नाही?" ती म्हणाली, "करते म्हणजे? विड्याच की, मॅडम." विड्या कशा वळते, असं विचारल्यावर ती हळूहळू बोलायला लागली. गल्लीतल्या सगळ्या बायकांत आईचा हात चलाख. नव्या सुनांना तीच शिकवते. बोटं दुखायला लागल्यापासून तिनं पान कापायची पद्धत बदलली, मांडीखाली उशी घेते, आणि आता दुसऱ्या दोघी-तिघींनीही तसंच सुरू केलंय. बोलता बोलता मुलीचे स्वतःचे हात हवेत विडी वळत होते. "हे लिही की," मी म्हणाले. तिचे हात खाली आले. "तसं लिहिलं तर गोष्ट कमजोर होते, मॅडम. सिलेक्शनला दुःख लागतं." आणि मग, जरा भीतभीत, "तुमचं झालं होतं ना तिकडं सिलेक्शन? तुम्ही काय लिहिलं होतं?"

मी तिला सगळं सांगितलं. कटिंग टेबल, लोखंडी वजनं, रेडिओखालचा कागद, सात बटणं. जेवणाच्या सुटीतलं वाचनही सांगितलं, जे मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही. ती ऐकताना रडली. मीही. पलीकडच्या आजोबांनी खुंट्या बाजूला ठेवल्या होत्या.

आता जे लिहायला मी दुपारपासून हे सगळं लांबवत आणलं ते लिहिते. त्या दिवशी सायबर कॅफेत मी बसले आणि बटणांचं वाक्य खरंच टाइप केलं. माझे वडील त्यांच्या शर्टाची सातही बटणं स्वतः लावतात. मग वरपासून पुन्हा वाचून बघितलं. त्या एका वाक्यानं वरचं सगळं खोटं ठरत होतं. वरचं बदलायचं म्हणजे पान पहिल्यापासून लिहायला हवं होतं, आणि गोष्ट राहत नव्हती. मी ते वाक्य पुसलं. एका बोटानं, एकेक अक्षर. अर्ज होता तसा पाठवला, कॅफेतून बाहेर पडले आणि येताना तुम्हाला आवडतो म्हणून पावशेर खारा शेंगदाणा घेतला. तुम्ही कारखान्यात सगळ्यांना जो चहा पाजलात तो ह्या पुसलेल्या वाक्याचा होता. तुम्हाला कळलं होतं का, अप्पा? एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा मी हाच प्रश्न विचारला आहे. कात्री देताना तुम्ही म्हणालात, निस्ता कागद कापू नको, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत असं मला वाटतं. की ते मी मागाहून घातलं आहे, कोण जाणे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. आईनं तुमचे दोन शर्ट अजून ठेवलेत, त्यांच्या घडीत ठेवावं म्हटलं तर ती ते दर दिवाळीला ऊन दाखवायला काढते. खणात, कात्रीखाली राहील.

त्या मुलीनं शेवटी डोळे पुसून विचारलं, "मग तुम्ही बदललं ना, मॅडम?" मी म्हणाले, हो, बदललं. सगळं पहिल्यापासून लिहिलं, आणि तरीही प्रवेश मिळाला. ती एवढ्या आनंदानं उठली. सोमवारी नवीन पान घेऊन येते म्हणाली, आईचं सगळं खरं लिहून. ते चांगलंच असेल, मला माहीत आहे. आणि तुमच्यामुळं जमलं, असं ती मला म्हणेल, तेव्हा मी ते ऐकून घेईन.